मोल्सवर्थची इंग्रजी कोण वाचणार?

एक

मराठीतील शब्दार्थविचारात एका ग्रंथाची साक्ष काढली की वाद संपला असे मानण्याची प्रथा आहे. तो ग्रंथ म्हणजे जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ ची. जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आले. १९७५ साली पुण्याहून तिचे पुनर्मुद्रण झाले, आणि आता तर ती संगणकाच्या पडद्यावर क्षणात उघडते. मोल्सवर्थ इतका हाताशी पूर्वी कधीच नव्हता. तरीही तो वाचला जातो काय, असा प्रश्न विचारणे भाग आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याची मराठी बाजू वाचली जाते. इंग्रजी बाजू केवळ ओलांडली जाते.

हे विधान काहींना चमत्कारिक वाटेल. कोश मराठी-इंग्रजी आहे. अर्थ दिलेला आहे तो इंग्रजीतच. मग तो न वाचता अर्थ कळतो कसा? तो कळतो असे वाटते, एवढेच. पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी, आणि त्याचा मार्गदर्शकही, एखाद्या बखरीतील किंवा पोथीतील शब्दापुढे सावध असतो. हा शब्द आपला नाही, याचा अर्थ बदललेला असू शकतो, ही जाणीव त्याला असते. म्हणूनच तो कोश उघडतो. पण कोशातील इंग्रजी शब्द समोर येताच ती सावधगिरी गळून पडते. इंग्रजी तर आपल्याला येते! शाळेपासून आपण तीच शिकलो! फार तर एखादा अडलेला शब्द आजच्या विद्यार्थी-कोशात पाहायचा आणि जो पहिला मराठी प्रतिशब्द मिळेल तो उचलायचा. जुनी मराठी जुनी आहे हे ज्याला उमगते, त्याला जुनी इंग्रजीही जुनीच असते हे उमगू नये, ही आपल्या अभ्यासपद्धतीतील मोठी उणीव आहे.

यातून जे घडते त्याला अर्थाचा दुहेरी अपभ्रंश म्हणता येईल. अठराव्या शतकातील मराठी शब्द एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत गेला. ती इंग्रजी विसाव्या-एकविसाव्या शतकातील इंग्रजी समजून वाचली गेली. आणि तेथून तो शब्द आजच्या मराठीत परत आणला गेला. वाटेत दोनदा काळ बदलला आणि दोनदा भाषा बदलली. परत आलेला अर्थ मूळ शब्दाचा म्हणून प्रबंधात नोंदवला जातो, खाली मोल्सवर्थचा पृष्ठक्रमांक दिला जातो, आणि परीक्षक समाधान पावतो.

दोन

मोल्सवर्थच्या पिढीची इंग्रजी कोणती होती? मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ चा. त्यांच्या वाढत्या वयात इंग्रजी शब्दार्थाचे मान्य प्रमाण सॅम्युएल जॉन्सन यांचा १७५५ चा कोश होता. प्रत्येक शब्दाचा अर्थ कालक्रमाने उलगडणारा ऑक्सफर्डचा बृहत्कोश १८८४ पासून भागाभागाने निघू लागला आणि १९२८ मध्ये पुरा झाला. म्हणजे मोल्सवर्थ यांनी ज्या इंग्रजीत मराठीचे अर्थ लिहिले, ती ऐतिहासिक कोशाच्या आधीची, जॉन्सनच्या आणि १६११ च्या बायबलच्या संस्कारात वाढलेल्या माणसाची इंग्रजी होय.

त्या इंग्रजीतील काही ओळखीचे शब्द घेऊ. 'नाइस' म्हणजे तेव्हा काटेकोर, सूक्ष्म, चोखंदळ. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे सूक्ष्म भेद, 'छान फरक' नव्हे. 'कँडिड' हा जॉन्सनच्या लेखी निर्मत्सर, दुसऱ्याचे दोष शोधत न बसणारा मनुष्य. आज त्याचा अर्थ स्पष्टवक्ता, म्हणजे प्रसंगी दोष तोंडावर सांगणारा. एकाच शब्दाने जवळजवळ उलट टोक गाठले आहे. 'कॉन्डिसेन्शन' हा वरिष्ठाने कनिष्ठाशी निगर्वीपणे वागण्याचा गुण होता. आज तो तुच्छतादर्शक दोष आहे. 'इंटेलिजन्स' हे वृत्तपत्रात बातमीचे नाव होते. 'वाँट' म्हणजे उणीव, अभाव. 'डिस्कव्हर' म्हणजे पुष्कळदा उघड करणे, दाखवून देणे. 'ऑफुल' म्हणजे दरारा उत्पन्न करणारे. यांतील प्रत्येक शब्द आजही इंग्रजीत आहे, आणि धोका नेमका तेथेच आहे. जो शब्द मेला तो वाचकाला अडवतो आणि कोश उघडायला लावतो. जो शब्द जगला पण अर्थ टाकून जगला, तो वाचकाला अडवतच नाही. जुन्या भाषेत फसवणारा शब्द नेहमी ओळखीचाच असतो.

मराठीच्या बाबतीत हे आपण जाणतो. 'साहित्य' हा शब्द आज वाङ्मयासाठी रूढ असला, तरी जुन्या कागदांत लग्नाच्या किंवा मोहिमेच्या 'साहित्या'चा उल्लेख आला तर तेथे कविता शोधायला कोणी जात नाही. हाच विवेक इंग्रजीच्या बाबतीत का नको? जॉन्सनच्या कोशात 'लिटरेचर' म्हणजे विद्या, अक्षरज्ञानातील पारंगतता. ललितकृतींचा समुच्चय हा अर्थ पुढे स्थिरावला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एखादा इंग्रज अधिकारी मराठीत 'लिटरेचर' नाही असे लिहून जातो, तेव्हा त्याला कविता नाहीत असे म्हणायचे आहे, की मुद्रित शास्त्रविद्या नाही असे म्हणायचे आहे, हे तपासल्यावाचून त्याला उत्तर देणे म्हणजे न केलेल्या आरोपाचे खंडन करणे होय.

तीन

या निष्काळजीपणाचे दोन पंथ आहेत. पहिला भक्तांचा. मोल्सवर्थने जे लिहिले तो अंतिम शब्द, असे तो मानतो. दुसरा पंथ फिर्यादींचा आहे. तो अधिक आधुनिक आहे, अधिक वाचलेला आहे, आणि म्हणून त्याच्याशी अधिक स्पष्टपणे बोलले पाहिजे.

एडवर्ड सैद यांचा 'ओरिएंटॅलिझम' १९७८ चा. बर्नार्ड कोह्न यांनी भाषेवरील हुकमत आणि हुकमतीची भाषा यांचे नाते दाखवणारा निबंध १९८५ मध्ये प्रसिद्ध केला आणि कोश-व्याकरणे ही राज्यकर्त्यांची साधने कशी होती ते मांडले. हा विचार महत्त्वाचा आहे, आणि मोल्सवर्थचा कोश मुंबई सरकारच्या आश्रयाने सिद्ध झाला ही गोष्ट त्याच्या प्रकाशात पाहिलीच पाहिजे. पण मराठीत या विचाराचे जे पडसाद उमटले त्यांत अनेकदा पुराव्याची जागा शब्दांच्या आजच्या वासाने घेतली आहे. इंग्रजाने मराठी शब्दाला 'व्हल्गर' म्हटले. पाहा हा तिरस्कार! एखादा प्रयोग मराठीला 'पिक्युलिअर' आहे असे म्हटले; पाहा, त्याला आमची भाषा विचित्र वाटते! एखादे रूप 'करप्शन' आहे असे म्हटले. पाहा, आमची भाषा भ्रष्ट ठरवली!

आता एकेक शब्द पाहू. कोश-व्याकरणांच्या परिभाषेत 'व्हल्गर' म्हणजे लौकिक, सर्वसामान्यांच्या बोलण्यातले; लॅटिनहून वेगळ्या अशा देशभाषेला युरोपात शतकानुशतके हेच विशेषण लावले जात होते आणि इंग्रजांनी ते स्वतःच्या भाषेलाही लावले. 'पिक्युलिअर टू' म्हणजे अमुक एकाचे खास, अन्यत्र न आढळणारे. त्यात वैचित्र्याचा ठपका नाही. 'करप्शन' हा त्या काळच्या भाषाभ्यासातील पारिभाषिक शब्द असून मूळ रूपापासून ढळलेले रूप एवढाच त्याचा अर्थ होतो. पण येथे फिर्यादीला आणखी एक अडचण आहे. मूळ रूप शुद्ध आणि ढळलेले रूप हीन, हा तरतमभाव काही जहाजातून उतरलेला नाही. पतंजलीच्या महाभाष्यात 'गो' या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश सांगितले आहेत, आणि 'अपभ्रंश' या संज्ञेतच घसरणीची कल्पना आहे. मोल्सवर्थच्या कोशामागे काम करणारे शास्त्री याच परंपरेत शिकलेले होते. १८२९ मध्ये निघालेला मराठी-मराठी कोश तर शास्त्र्यांचाच होता. तेव्हा मराठी बोलींना कमी लेखण्याच्या दोषाचे वाटप करायचे असेल, तर त्यातला वाटा कलकत्ता-लंडनला पाठवताना थोडा काशी-पुण्यालाही ठेवावा लागेल. तसे केल्याने वसाहतवादाची मीमांसा दुबळी होत नाही. उलट ती खरी होते. दोन सत्ता एकमेकींच्या हातात हात घालून कशा चालल्या, हे तेव्हाच दिसू लागते.

'नेटिव' या शब्दाचेही असेच. आज तो कानाला बोचतो, आणि साम्राज्याच्या उत्तरार्धात तो हेटाळणीने वापरला गेला यात शंका नाही. परंतु पुण्यात १८४८ साली 'नेटिव जनरल लायब्ररी' स्थापन झाली आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८६४ मध्ये 'नेटिव ओपिनियन' सुरू केले, तेव्हा तो शब्द 'एतद्देशीय' या अर्थाने, स्वतःचे मत असलेल्या लोकांनी स्वतःसाठी निवडलेला होता. या नावात आत्मन्यूनता शोधणारा समीक्षक मंडलिकांचा मानसिक इतिहास लिहीत नसून स्वतःच्या कोशाचा इतिहास लिहीत असतो.

चार

हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याच्या ग्रंथसंग्रहांत बसून सोडवण्याचा नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात काम करणाऱ्या अभ्यासकाला तो दारातच भेटतो. नेवासे याच जिल्ह्यात. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी तेथे सिद्ध झाली. भक्तविजयकार महिपती राहुरी तालुक्यातील ताहराबादचे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे अहमदनगरला उघडले ते १८३१ साली, म्हणजे मोल्सवर्थच्या पहिल्या आवृत्तीच्याच वर्षी. जिल्हा वाचनालय १८३८ चे. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये येथूनच निघू लागला. या परिसरातील एकोणिसाव्या शतकाचा वाङ्मयीन आणि सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्याची निम्मी साधने इंग्रजीत आहेत, आणि ती इंग्रजी मोल्सवर्थच्या इंग्रजीहूनही अधिक फसवी आहे, कारण ती मिशनची इंग्रजी आहे.

या इंग्रजीच्या मुळाशी १६११ चे बायबल होते. त्यात 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे संभाषण नव्हे, आचरण. त्यात 'चॅरिटी' म्हणजे दानधर्म नव्हे, प्रीती. १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारात त्या जागी साधा प्रेमवाचक शब्द घालावा लागला, यावरूनच त्याचा अर्थ तोवर किती ढळला होता ते कळते. मिशनच्या लिखाणात 'प्रोफेसर ऑफ रिलिजन' आढळला तर तो धर्मशास्त्राचा प्राध्यापक नसतो. आपली श्रद्धा जाहीरपणे मान्य करणारा साधा मनुष्य असतो, आणि तो निरक्षर शेतकरीही असू शकतो. 'इन्क्वायरर' हा चौकशी अधिकारी नव्हे. बाप्तिस्म्याचा विचार करणारा जिज्ञासू होय. आता कल्पना करावी की एखादा तरुण संशोधक अशा अहवालावरून गावोगावच्या नवख्रिस्ती समाजाचे चित्र रेखाटतो आहे. कोणाच्या 'कॉन्व्हर्सेशन'ची वाखाणणी वाचून तो त्याला वक्ता ठरवील, आणि 'प्रोफेसरां'ची संख्या मोजून गावातील शिक्षणप्रसाराचा निष्कर्ष काढील. असा निष्कर्ष हास्यास्पद वाटतो खरा. पण याच जातीचे, जरा कमी ठळक असे निष्कर्ष आपण रोज मान्य करीत आहोत.

'एन्थुझिअ‍ॅझम' हे त्याचे नाजूक उदाहरण. आज तो उत्साह, आणि म्हणून प्रशंसा. जॉन्सनच्या काळात त्याचा मुख्य अर्थ होता ईश्वर थेट आपल्याशीच बोलतो असा पोकळ विश्वास, म्हणजे धर्मावेश. आणि ही छटा धार्मिक लेखनात एकोणिसाव्या शतकातही रेंगाळत होती. एखाद्या मिशनऱ्याने वारकऱ्यांच्या 'एन्थुझिअ‍ॅझम'चा उल्लेख केला, तर ती भक्तीला दिलेली दाद की भक्तीवरचा आक्षेप, हे लेखनाचे वर्ष आणि लेखकाचा पंथ पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. येथे फिर्यादी पंथाला खरी फिर्याद सापडू शकते. पण तिकडे त्याचे लक्ष जात नाही, कारण आजच्या कोशात हा शब्द गोड आहे.

महिपतींच्या बाबतीत प्रश्न आणखी खोल जातो. १७६२ च्या 'भक्तविजया'चा जस्टिन ॲबट व नरहर गोडबोले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३३-३४ मध्ये निघाला. ज्या मालेत तो आला तिचे नाव महाराष्ट्राचे कवी-'सेंट' अशा अर्थाचे आहे. ॲबट यांचे मराठी संतवाङ्मयावरील ऋण मोठे आहे, ते येथे नाकारायचे नाही. पण 'संत' आणि 'सेंट' यांचे ध्वनिसाम्य हा भाषेतला योगायोग आहे. एक 'सत्'पासून आलेला, दुसरा लॅटिन 'सांक्टुस'पासून. 'सेंट' या शब्दाबरोबर पावित्र्याचा अधिकृत निर्णय, चमत्कारांची चौकशी आणि चर्चची मान्यता असा सारा संसार येतो. 'संत' या शब्दाबरोबर संतसंग, नामस्मरण आणि वारी येते. तसेच 'लीजंड'चे. मुळात तो वाचून दाखवायच्या संतचरित्राचा शब्द. आज तो 'दंतकथा' एवढाच उरला. महिपतींच्या कथांना कोणी 'लीजंड' म्हटले आणि आपण त्याचे 'दंतकथा' असे भाषांतर केले, की ज्या ग्रंथाचे गावोगाव श्रद्धेने पारायण होत आले तो एका शब्दाच्या फेरफटक्यात अविश्वसनीय ठरतो. त्यानंतर महिपतींच्या विश्वसनीयतेवर चर्चासत्र भरवायला आपण मोकळे!

पाच

साहित्यसिद्धांताच्या अभ्यासकांना वाटेल की हा कोशकारांचा आणि इतिहासकारांचा प्रश्न आहे. तसे नाही. आपली सारी समीक्षापरिभाषा याच जुन्या इंग्रजीच्या पोटातून आली आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी जॉन्सनच्या 'रासेलस'चे मराठी भाषांतर केले, ते १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'त जॉन्सनवर विस्ताराने लिहिले. आधुनिक मराठी निबंध ज्या इंग्रजीच्या मांडीवर वाढला ती अठराव्या शतकाची होती. तेव्हा त्या पिढीच्या लेखनामागे 'विट' हा शब्द दिसला तर तेथे आधी बुद्धीची झेप आणि कल्पकता शोधावी, विनोद मागाहून. 'फॅन्सी' आणि 'इमॅजिनेशन' यांत कोलरिजने १८१७ मध्ये जो भेद केला तो सर्वांनी लगेच मान्य केला नव्हता. कित्येक लेखकांच्या लेखी ते पुढेही समानार्थीच होते. एकोणिसाव्या शतकातील प्रत्येक 'फॅन्सी'वर कोलरिजचा भेद लादून मराठी टीकाकारांना तो भेद कळला नाही असे म्हणणे हा अन्याय आहे.

काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये 'नावल व नाटक' यांविषयी निबंध लिहिला. 'नावल' आणि 'रोमान्स' हा भेद त्या काळच्या इंग्रजी चर्चेत वास्तवाशी असलेल्या नात्यावर उभा होता. 'मुक्तामाला' (१८६१) किंवा 'मंजुघोषा' (१८६८) यांना 'रोमान्स' म्हणताना जुना टीकाकार अद्भुताकडे बोट दाखवतो. आजचा विद्यार्थी त्यात प्रेमप्रकरण शोधतो. शास्त्रीय वाङ्मयातही तेच. 'नॅचरल फिलॉसॉफी' म्हणजे पदार्थविज्ञान; तिचे 'निसर्गाचे तत्त्वज्ञान' करून एखाद्या पाठ्यपुस्तकात निसर्गवादी दर्शन शोधणे व्यर्थ आहे. 'पोलिटिकल इकॉनॉमी' म्हणजे आज ज्याला अर्थशास्त्र म्हणतात ते; लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' (१८४९) त्या विषयावरचे आहे. त्या शब्दाचे 'राजकीय अर्थव्यवस्था' असे रूपांतर करून लोकहितवादींना आजच्या वादात साक्षीदार म्हणून उभे करणे हे त्यांच्या पदरी नसलेले मत त्यांच्या पदरी बांधणे आहे.

सहा

या मांडणीवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की संदर्भावरून अर्थ कळतोच. वाक्य असेल तर पुष्कळदा कळतो. पण कोशाच्या नोंदीत वाक्य कोठे असते? तेथे स्वल्पविरामांनी जोडलेले सुटे शब्द असतात, आणि सुट्या शब्दाला वाचकाचा काळ चिकटतो. दुसरा आक्षेप असा की मोल्सवर्थ पडताळून पाहायला दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२-३८) आहे. आहे, आणि तो मराठीचे भूषण आहे. परंतु त्याच्या संपादकांनी मोल्सवर्थची सामग्री मोठ्या प्रमाणात घेतलेली आहे. तेव्हा दोन कोशांत एकच अर्थ सापडला म्हणजे दोन साक्षी झाल्या असे नव्हे. पुष्कळदा ती एकाच साक्षीची दुसरी प्रत असते.

मग करावे काय? उपाय घरातच आहे, आणि तो वापरला जात नाही याचेच आश्चर्य वाटते. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि टॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या मंडळींनी मराठी शब्दाला इंग्रजी अर्थ दिला, त्यांच्याच वर्तुळाने त्या इंग्रजी शब्दाला मराठी अर्थही दिला. १८५७ च्या कोशातील इंग्रजी शब्द आजच्या विद्यार्थी-कोशात पाहण्याऐवजी १८४७ च्या कोशात पाहावा. तो इंग्रजी शब्द त्या वर्तुळाला कोणत्या अर्थाने ठाऊक होता, हे त्यांच्याच मराठीत समजते. दुसरी पायरी ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक कोशाची: तो अर्थ त्या दशकात इंग्रजीत जिवंत होता काय? तिसरी पायरी सर्वांत कष्टाची आणि सर्वांत निर्णायक: त्या मराठी शब्दाचे त्या काळचे प्रत्यक्ष प्रयोग. ही तिसरी पायरी टाळली तर पहिल्या दोन वर्तुळात फिरत राहतील, कारण १८४७ आणि १८५७ चे कोश एकाच घरचे आहेत. प्राचीन मराठीपुरती शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांच्या १९९९ च्या कोशाने ही वाट दाखवली आहे. तेथे अर्थाला वाङ्मयातील स्थळाचा आधार आहे. संस्कृतसाठी डेक्कन कॉलेजात ऐतिहासिक तत्त्वांवरील कोशाचे काम १९४८ पासून चालू आहे. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण ज्ञानेश्वरीपासून आजपर्यंतच्या मराठी शब्दांचा अर्थ शतकवार सांगणारा पूर्ण कोश आपल्यापाशी नाही. दर्जाचे समारंभ झाले. कोशाचे काम व्हायचे आहे.

तोपर्यंत प्रबंधपरीक्षकांनी एक साधा नियम पाळला तरी पुरे: ज्या प्रबंधात मोल्सवर्थचा आधार देऊन शब्दार्थ सांगितला असेल, तेथे त्याचा इंग्रजी शब्द कोणत्या काळच्या अर्थाने घेतला हे विचारावे. उत्तर देता आले नाही तर तो आधार रद्द समजावा. यामुळे काही पृष्ठे गळतील, काही निष्कर्ष कोसळतील, आणि मोल्सवर्थच्या नावाने चाललेली पूजा व त्याच्यावर चाललेला खटला या दोहोंचीही गती मंदावेल. त्यात नुकसान कोणाचेच नाही. मोल्सवर्थने आपल्या भाषेचे शब्द एकेक करून ऐकले आणि लिहून ठेवले. त्याची भाषा तितक्याच कानांनी ऐकणे एवढे तरी मराठीच्या अभ्यासकाला जमले पाहिजे.